मदत हवी आहे: बाळंतिणीने ही गोळी घ्यावी की नाही?

कृष्णाकाठचा
बायको माहेरी, कराडला. मी पुण्यात, शनिवार-रविवार जातो. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिलीय, पण सासूबाई म्हणतात बाळ अंगावर पितंय, डोक्याची गोळी द्यायची नाही. बायकोही त्यांचंच ऐकते. गोळी दुधात उतरते का? हो की नाही एवढंच सांगा. आत्ता कराडलाच आहे, उद्या पहाटे पुण्याला निघायचंय.

दोन_पोरांची_आई
कोणती गोळी? कशासाठी? बाळ केवढं आहे? काहीच लिहिलं नाहीत आणि उत्तर मात्र एका शब्दात हवंय!

कोकणकाकू
अरे बाबा, कसल्या गोळ्या. माझी दोन्ही बाळंतपणं आईने केली. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालीश, शेक, संध्याकाळी ओवा-शेपाची धुरी. रडायला वेळच नसायचा. हल्लीच्या मुलींना सवा महिना खोलीत बसवत नाही.

तिरकस
काकू, वेळ नसायचा की कोणी विचारायचं नाही? आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. त्या वायूला वासही नसतो, आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

कोकणकाकू
आमची वाढलीच ना?

तिरकस
जी वाढली तीच सांगायला आहेत.

कृष्णाकाठचा
लाडू चालू आहेत. शेगडीपण आहे. मी गोळीचं विचारतोय! नैराश्यावरची सर्ट्रालिन, २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. सात आठवडे झाले. सिझर. टाके दाखवायला गेलो तेव्हा लिहून दिली. झोप नाही तिला.

बाबा_नंबर_वन
झोप कशी असणार, नवरा पाच दिवस पुण्यात. मी केंद्र सरकारी, मला १५ दिवस रजा मिळाली. खाजगीत बापांना रजेचा कायदाच नाही. आईची रजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली, बापाच्या हातात काय?

गुलमोहर
मुलगा की मुलगी? 'र'वरून नावांची मोठी यादी आहे माझ्याकडे, टाकू का?

रक्तगट_बी
आधी थायरॉईडची टीएसएच चाचणी आणि हिमोग्लोबिन तपासा. बाळंतपणानंतर माझं थायरॉईड बिघडलं होतं, तीन महिने सगळे मला आळशी म्हणत होते.

दोन_पोरांची_आई
तपासा, पण तेवढ्यासाठी गोळी अडवू नका. दुसऱ्या वेळी मी हीच घेतली, पोरगी वर्षभर अंगावर पीत होती. दुधात उतरते, पण फार थोडी. म्हणून पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा हीच देतात. बाळ नेहमीपेक्षा गुंगीत वाटलं किंवा ओढेनासं झालं तर डॉक्टरांना सांगायचं. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका.

रात्रपाळी
मी प्रसूती विभागात नर्स आहे. झोप नाही म्हणजे बाळ उठवतं म्हणून, की बाळ झोपलं तरी?

कृष्णाकाठचा
बाळ झोपलं तरी. पंख्याकडे बघत पडून असते. परवा म्हणाली, आई त्याचं माझ्यापेक्षा नीट करते, मी नसले तरी चालेल. सासूबाई म्हणाल्या थकलीय. डॉक्टरीणबाईंनी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला होता. शेवटच्या प्रश्नाला हिने हात आडवा धरला, मला दिसू दिलं नाही.

रात्रपाळी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं हो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं, हे ते नाही. तो कागद बहुतेक बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीचा, त्यात दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो. उद्या निघू नका. आज रात्रीच तिला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. तिला एकटं ठेवू नका, घरातली औषधं तुमच्याजवळ ठेवा. डॉक्टरांना आत्ता फोन लावा. नाही लागला तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे, रात्रीही चालतं. 'हो' म्हणून काही ठरवलेलं दिसलं, किंवा भास, संशय, असंबद्ध बोलणं असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

कोकणकाकू
आमच्या आळीत एकीला बाळंतवात झाला म्हणायचे. देवर्षाकडे नेत होते. डॉक्टरकडेच ने रे.

गुलमोहर
यादी नंतर टाकते.

कृष्णाकाठचा
विचारलं. विचार येतात म्हणाली, केलं काही नाहीये. बराच वेळ रडली. सासूबाई दारात उभ्या होत्या. फोन लागला. आज रात्र दोघांनी आळीपाळीने जागायचं, सकाळी साडेनऊला मानसोपचारतज्ज्ञांकडे, सासूबाईही येतायत. साहेबांना मेसेज टाकला, रजा मंजूर होईल न होईल. डॉक्टरीणबाई गोळी सुरू करा म्हणाल्या. पाजायच्या आधी द्यायची की नंतर?

रात्रपाळी
पाजण्याचं घड्याळ लावू नका. रोज एकाच वेळी द्या. झोप उडतेय असं वाटलं तर सकाळी, ते उद्या तज्ज्ञांना विचारा. आणि शेगडी आजच बाहेर काढा.