क्वीन्स गॅम्बिटमध्ये तिसऱ्या चालीला घोडा सी३ वर की एफ३ वर?

परभणीकर (प्रश्न)
नमस्कार. मी पांढऱ्या मोहऱ्यांनी डी४ ने सुरुवात करतो. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधील (१. डी४ डी५ २. सी४ ई६) एक्स्चेंज व्हेरिएशन, म्हणजे सी४ च्या प्याद्याने डी५ चे प्यादे मारून अदलाबदल करण्याचा प्रकार, माझ्या विशेष आवडीचे आहे, त्यातही राजाच्या बाजूचा घोडा ई२ वर ठेवून एफ३ आणि मग ई४ खेळण्याची योजना. अडचण अशी, की लातूर-संभाजीनगरकडच्या मानांकन स्पर्धांत बरेच प्रतिस्पर्धी १...घोडा एफ६ आणि २...ई६ असा क्रम लावतात (तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल). निम्झो-इंडियन बचाव (३. घोडा सी३ उंट बी४) टाळण्यासाठी मी ३. घोडा एफ३ खेळलो, की ते ३...डी५ खेळून मोकळे होतात आणि ई२ ची योजना हातची जाते. मग तिसऱ्या चालीला घोडा सी३ वरच काढावा का?

नांदेडचा प्यादेवाला
हा क्रम मुद्दाम लावलेला असतो. घोडा सी३ वर आला तर उंट बी४, एफ३ वर आला तर डी५. म्हणजे एक्स्चेंजच्या सर्वांत त्रासदायक रूपाला तोंड द्यावेच लागत नाही.

३. घोडा एफ३ डी५ नंतर नेमके काय बिघडते ते पटावर मांडून पाहावे. ४. घोडा सी३ उंट ई७ ५. सी×डी५ ई×डी५ ६. उंट जी५ सी६ यानंतर तुम्ही ७. ई३ खेळलात, तर काळ्याचा उंट एफ५ वर आरामात येऊन बसतो, आणि हा उंट बाहेर कसा काढायचा हीच तर एक्स्चेंजमध्ये काळ्याची मोठी डोकेदुखी असते. त्याला अडवण्यासाठीच ७. वजीर सी२ खेळतात, तरीही ७...जी६ खेळून काळा तोच प्रयत्न पुन्हा करू शकतो.

उलट १...डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उंट जी५ सी६ ६. ई३ या क्रमात घोडा अजून जी१ वरच असतो. तेथे ६...उंट एफ५ ला ७. वजीर एफ३ हे उत्तर आहे. उंट जी६ वर हटला, की ८. उंट×एफ६ वजीर×एफ६ ९. वजीर×एफ६ जी×एफ६ होऊन काळ्याची प्यादी दुहेरी होतात, म्हणजे एकाच उभ्या रांगेत दोन येतात. डाव हरलेला नसतो, पण पुढची दोन-तीन तासांची बचाव-कसरत कोणाला आवडणार?

अंबाजोगाईचा उंट
वरील विवेचन बरोबर आहे, परंतु १...डी५ खेळणाराही दरवेळी या जाळ्यात सापडेलच असे नाही. जाणकार खेळाडू ३. घोडा सी३ ला ३...उंट ई७ खेळतो, म्हणजे जी५ चे घर आधीच त्याच्या उंटाच्या नजरेत येते. आता घाईने ४. घोडा एफ३ घोडा एफ६ झाले, की त्याला जे हवे होते ते तुम्ही आपणहून दिलेत. म्हणून ४. सी×डी५ ई×डी५ ५. उंट एफ४ खेळावे. पुढे ५...सी६ ६. ई३ उंट एफ५ ७. जी४ ही धारदार चाल बोटविनिकने १९६३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पेट्रोसियनविरुद्ध खेळली होती, आणि ३...उंट ई७ हा क्रम कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढतींतही दिसतो.

लातूरचा हत्ती
मूळ प्रश्नाकडे येतो. परभणीकर, तुम्ही ३. घोडा सी३ खेळा आणि निम्झोची भीती सोडा. ३...उंट बी४ ला ४. ई३ कॅसलिंग ५. घोडा ई२ खेळले, तर सी३ वर मारामारी झाल्यास दुसऱ्या घोड्याने परत घेता येते आणि प्यादी दुहेरी होत नाहीत. ५...डी५ ६. ए३ उंट ई७ ७. सी×डी५ यावर काळ्याने प्याद्याने घेतले, तर तुमची आवडती रचनाच समोर येते; फरक एवढाच, की तुमचा सी१ वरचा उंट ई३ च्या प्याद्यामागे अडकलेला असतो. एफ३-ई४ चा नमुना म्हणून बोटविनिक-केरेस हा १९५२ चा डाव अवश्य पाहावा. माझ्या मते त्याहून स्पष्ट उदाहरण नाही.

परभणीकर
आभारी आहे. सातव्या चालीला काळ्याने घोड्याने डी५ घेतले तर?

लातूरचा हत्ती
८. उंट डी२ ही तेथील नेहमीची चाल आहे. मात्र त्यानंतर एक्स्चेंजची रचना राहत नाही, तेव्हा तो भाग स्वतंत्र बसून तयार करावा लागेल.