गावठी कुत्र्याला आपली भाषा किती कळते? शब्द, सूर की हाताची खूण?

खळ्यातला (देवगड)
दोन वर्षांचा गावठी कुत्रा आहे, दिवसभर खळ्यात मोकळा असतो. घरात आजी-आजोबा मालवणीत बोलतात, आम्ही प्रमाण मराठीत, आणि गणपतीत नि मे महिन्यात चाकरमानी आले की मुलांचं 'सीट', 'स्टे', 'कम' सुरू होतं. तीन प्रश्न आहेत.
'बस' म्हटलं की कधी बसतो, कधी नुसता तोंडाकडे बघत राहतो. असं का?
मिरग (मृग नक्षत्र) लागल्यापासून गडग्यापलीकडून (दगडी कुंपणापलीकडून) हाक मारली तर येत नाही. एप्रिलपर्यंत व्यवस्थित येत होता.
चप्पल फाडल्यावर ओरडलं की कान पाडून बसतो. म्हणजे त्याला चूक कळते का?

पडवीवाला
आधी 'बस'चं बघू, कारण आपल्या घरांत हाच शब्द सगळ्यात जास्त बिघडलेला असतो. खाली बसायला 'बस', भुंकला तर 'गप बस', ताटात भात जास्त झाला तर 'बस, पुरे', आणि दारातून 'बस गेली का रे?' दिवसातून पन्नास वेळा तो आवाज कानावर पडतो आणि त्यातल्या दोन-चार वेळाच त्याच्याकडून काही अपेक्षित असतं. म्हणजे 'या आवाजाचा माझ्याशी संबंध नाही' हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

दुसरं, शब्दांतला बारीक फरक कुत्र्याला पकडता येत नाही. बुडापेस्टच्या ओटवश लोरांड विद्यापीठात 2020 साली कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तपासलं होतं. ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतला फरक मेंदूत दिसला, पण एकच ध्वनी बदललेला निरर्थक शब्द ओळखीच्या शब्दासारखाच हाताळला गेला. त्यामुळे 'ये', 'ने', 'दे', 'स्टे' हे सगळे एकाच घरात आज्ञा म्हणून ठेवू नका. शेवट सारखाच, लांबून तर एकच ऐकू येतो.

माझ्या मते तुमच्या घरासाठी हे चार शब्द चांगले: बोलावायला 'हयसर', थांबायला 'रव', बसायला 'सीट', तोंडातलं सोडायला 'टाक'. चारही एकमेकांपासून लांब आहेत. 'हयसर' तर 'ये'पेक्षा केव्हाही बरा, लांबून हाक मारता येते. कागदावर लिहून पडवीत चिकटवा, आणि चाकरमान्यांनाही तेच वापरायला सांगा.

नवा शब्द बसवताना क्रम महत्त्वाचा. 'सीट' एकदाच म्हणायचं, हात स्थिर. मनात 'एक' म्हणण्याइतकं थांबायचं. मग त्याला आधीपासून कळणारी खूण करायची, उदाहरणार्थ तळहात वर नेणं. बसला की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि दोन सेकंदांच्या आत खाऊ. असं आठ-दहा वेळा, तीन-चार मिनिटांत आटपायचं, दिवसातून दोनदा. काही दिवसांनी शब्द आणि खूण यांतलं अंतर दोन-तीन सेकंदांपर्यंत वाढवा. हात उचलण्याआधीच बसायला लागला की शब्द कळला समजा.

शब्द आणि हात एकाच वेळी सुरू केले तर शब्द सहसा शिकला जात नाही. कुत्रा हाताकडे बघतो, त्याचं काम भागतं, मग आवाजाकडे लक्ष देण्याची गरज उरत नाही. तपासायचं तर हात पाठीमागे बांधून उभे राहा आणि शब्द उच्चारा. बऱ्याच घरांत 'आमचा सगळं समजतो' हे इथेच कोसळतं. पडवीत शिकलेलं खळ्यात आणि रस्त्यावर पुन्हा थोडं शिकवावं लागतं, ते गृहीत धरा. आणि 'सीट सीट सीट' नको. तसं केलंत तर तिसऱ्या 'सीट'ला बसायचं असतं असं तो शिकतो.

माडाखाली
सुराबद्दल. आपल्याकडे कुत्र्याला बोलावताना 'यू यू यू' आणि हाकलताना 'हाऽड' म्हणतात, ते उगीच नाही. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी वेगवेगळ्या भाषांतल्या जनावरं हाताळणाऱ्यांचे आवाज तपासले. छोटे, तुटक, पुन्हापुन्हा येणारे स्वर जनावराला हलवायला वापरतात, आणि एकच लांबवलेला स्वर थांबवायला किंवा शांत करायला. पिल्लांवरच्या प्रयोगातही तुटक स्वरांनी हालचाल वाढली.

तेव्हा 'हयसर, हयसर' पटापट आणि वरच्या पट्टीत, 'रऽव' मात्र एकदाच, लांबवून, खाली उतरत्या सुरात. आजोबा रागाने भरदार आवाजात 'हयसर!' ओरडत असतील तर शब्द 'ये' सांगतो आणि सूर 'लांब रव' सांगतो. मग कुत्रा मध्येच थबकतो.

शाबासकीतही दोन्ही जुळायला हवं. 2016 साली बुडापेस्टलाच आटिला आंडिच आणि सहकाऱ्यांनी 13 कुत्र्यांना एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवून हे पाहिलं. कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तेव्हाच मेंदूतला बक्षिसाचा भाग जागा झाला. नुसता गोड सूर किंवा कोरड्या आवाजातला चांगला शब्द पुरला नाही.

आणि सावकाश बोला. माणसं आपसांत सेकंदाला साधारण चार अक्षरं बोलतात, कुत्र्याशी बोलताना तीन. कुत्र्याचं स्वतःचं भुंकणं सेकंदाला दोनच्या आसपास. संथ बोलणं त्याच्या कानाच्या वेगाला जवळचं आहे.

खळ्यातला
'हयसर' आणि 'रव' आजीला लगेच पटलं. पण पावसाचं काय? आणि चपलेचं?

बंदरावरून
पावसात तो हट्ट करत नाही, त्याला तुमची हाक वेगळी ओळखूच येत नसणार. पत्र्यावरचा पाऊस, पागोळ्या, वारा आणि समुद्राची गाज, यातून ती त्याच्यापर्यंत पोचायला हवी. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात 2019 साली कुत्र्यांना गलक्यात त्यांचं नाव ऐकवलं. नावाचा आवाज गलक्याइतका किंवा त्याहून मोठा असेल तोवर त्यांनी ते ओळखलं, गलका वरचढ झाल्यावर नाही.

उपाय शिट्टीचा. साधी प्लास्टिकची, आत गोटी नसलेली घ्या. पावसात गोटी ओली होऊन अडकते आणि खाऱ्या हवेत धातूची गंजते. पॅटर्न ठरवा: दोन छोटे फुंकर, पुन्हा दोन छोटे. लांब एकच फुंकर नको, तो कुकरसारखा वाटतो. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आपल्याला 20,000पर्यंत, त्यामुळे बारीक शिट्टी त्याला अडचणीची नाही. शिकवायची पद्धत वर दिली तीच: आधी शिट्टी, एक सेकंद, मग 'हयसर', मग खाऊ. सुरुवात उघडीप असताना, पाच पावलांवरून. पाऊस पडत असताना लगेच गडग्यापलीकडून सुरू केलंत तर तो शिट्टीसुद्धा कानाआड टाकायला शिकेल.

नजरेच्या टप्प्यात असेल तेव्हा हात वापरा. भारतातल्या मोकाट कुत्र्यांवरही आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेच्या गटाने काम केलं आहे. अनोळखी माणसाने बोट दाखवलं तरी त्यातली बरीच त्या दिशेला जातात. गावठीला शिकवता येत नाही ही समजूत सोडून द्या.

पडवीवाला
चपलेबद्दल: नाही, ते चूक केल्याचं भान नाही. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर तपासलं. काही वेळा कुत्र्याने खाऊ चोरलेला नसतानाही मालकाला 'याने चोरला' असं सांगितलं. 'अपराधी' चेहरा गुन्ह्याप्रमाणे बदलला नाही, मालकाच्या रागावण्याप्रमाणे बदलला. कान पाडणं, नजर चुकवणं, ओठ चाटणं ही 'आता शांत व्हा' अशी विनवणी आहे. दहा मिनिटांनी ओरडलात तर तो राग चपलेला जोडलाच जात नाही, तुमच्या घरी येण्याला जोडला जातो. मग काही दिवसांनी तुम्ही नुसते बेड्यातून (फाटकातून) आत आलात तरी तो खाटेखाली जातो. चप्पल उंचावर ठेवा, चघळायला दुसरं काही द्या, आणि चप्पल तोंडात असतानाच पकडलात तर 'टाक' म्हणून बदल्यात खाऊ द्या.

मालवणी-मराठीबद्दल: भाषांचा आवाज त्यांना वेगळा ओळखू येतो. बुडापेस्टच्याच 2022 च्या अभ्यासात स्पॅनिश आणि हंगेरियन ऐकताना 18 कुत्र्यांच्या मेंदूत वेगळे नमुने दिसले. त्यामुळे घरात दोन भाषा असल्या म्हणून बिघडत नाही. एकाच कामाला तीन शब्द असले की मात्र बिघडतं.

माडाखाली
खाऊबद्दल एक राहिलं. हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. उकडलेली कोंबडी किंवा काटे पूर्ण काढलेला उकडलेला बांगडा, दोन्ही मिठाशिवाय. सुकट, खारा बांगडा नको, मीठ फार असतं. कांदा-लसूण पडलेला रस्सा नको. आणि गणपतीत मुलांना सांगून ठेवा: प्रसादातल्या मनुका, बेदाणे कुत्र्याला अजिबात द्यायचे नाहीत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खाल्लेच तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करायचा.