आरशातला चेहरा पुसट आणि नजर भलतीकडे: चूक नेमकी कुठे होते आहे?

कवडसा:
आरशासमोर बसलेली स्त्री, तिचा खांदा पाठमोरा आणि चेहरा फक्त आरशात, अशा एका छायाचित्रावर मी तीन आठवडे अडून बसलो आहे. फुल-फ्रेम कॅमेरा आरशापासून २ मीटरवर, थोडा बाजूला, आणि तिचा चेहरा आरशापासून साधारण ६० सेंटीमीटरवर असतो. ५० मिमीची लेन्स, एफ/१.८ (म्हणजे लेन्सचे भोक, अ‍ॅपर्चर, बरेच उघडे), खिडकीचा उजेड आणि आरशाशेजारी एक मेणबत्ती, एवढाच सरंजाम आहे. आरशाची कोरीव चौकट अगदी रेखीव येते, पण चेहरा दरवेळी पुसट राहतो. ‘स्वतःच्या डोळ्यांत पाहा’ असे मी तिला सांगितले आणि ती तसे पाहतही होती, तरी छायाचित्रात तिची नजर भलतीकडेच गेलेली दिसते. तिसरी अडचण अशी की, आरशातल्या ज्योतीला चिकटून एक फिकट जुळी ज्योत उमटते. काच पुसून झाली, लेन्सवरचा संरक्षक फिल्टर काढून झाला, तरीही ती जात नाही.

तिरपी रेघ:
चौकट आणि चेहरा एकाच अंतरावर आहेत असे आपण धरून चालला आहात, तिथेच घोळ आहे. सपाट आरशातले प्रतिबिंब काचेवर नसते. वस्तू आरशाच्या जितकी पुढे, तितकेच ते आरशाच्या मागे असते. म्हणजे चौकट २ मीटरवर असली, तरी आपल्या लेन्सच्या दृष्टीने चेहरा सुमारे २.६ मीटरवर आहे. एफ/१.८ ठेवून २ मीटरवर फोकस केल्यास जेमतेम १७ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, त्यात तो चेहरा बसणार कसा? एफ/८ वर, म्हणजे लहान भोकावर, जाऊन सुमारे २.२५ मीटरवर फोकस केला, तर अंदाजे १.८५ ते २.८५ मीटरपर्यंतचे सारे चालण्याजोगे स्पष्ट येईल. मी मात्र तसे करणार नाही. अ‍ॅपर्चर मोठेच ठेवून, ऑटोफोकस बंद करून, आरशातल्या डोळ्यावर हाताने फोकस लावीन आणि चौकट विरघळू देईन, कारण चौकट कोरीव असली तरी छायाचित्र तिचे नाही.

नजरेचे कोडेही याच भूमितीतले आहे. ती आरशात स्वतःचे डोळे पाहते तेव्हा तिची दृष्टी आरशाला काटकोनात असते. आपण बाजूला उभे असल्याने आपल्याला ती दुसरीकडे पाहताना दिसते. तिने आरशात आपली लेन्स शोधून तिच्याकडे पाहावे. छायाचित्र पाहणारा मात्र ती स्वतःलाच न्याहाळत आहे असे समजेल. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या आरसा पाहणाऱ्या व्हीनसच्या चित्रातही पाहणाऱ्यांची हीच फसगत होते, आणि मानसशास्त्रात तिला ‘व्हीनस इफेक्ट’ असेच नाव आहे.

काजळी:
जुळ्या ज्योतीबद्दल थोडे. ज्याला आपण आरशाचा पारा म्हणतो तो थर, हल्ली बहुधा चांदीचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, काचेच्या मागच्या अंगाला असतो. मुख्य प्रतिबिंब त्याचे. पण काचेचा पुढचा पृष्ठभागही सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. एरवी ते लक्षात येत नाही, पण काळोखातली ज्योत इतकी प्रखर असते की तेवढेही पुरते. पुढच्या बाजूला थर असलेला आरसा वापरल्यास हे दुसरे प्रतिबिंब येत नाही, मात्र बोट लागले तरी त्यावर डाग राहतो आणि पुसायला जावे तर ओरखडा उठतो. दुसरा उपाय पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश फिरवून अडवता येणारा लेन्सवरचा फिल्टर. काचेच्या लंबापासून सुमारे ५६ अंशांवर पुढच्या पृष्ठभागाचे परावर्तन जवळजवळ पूर्ण ध्रुवित असते, त्यामुळे फिल्टर फिरवला की फिकट ज्योत मावळते आणि धातूच्या थरातली खरी ज्योत राहते.

उलटी बाजू:
आपण विचारलेले नाही, पण पुढची अडचण कॅमेराच आरशात दिसण्याची असेल, म्हणून लिहितो. कॅमेऱ्यापासून आरशाच्या प्रतलावर टाकलेला लंब आरशाच्या कडेबाहेर पडला की लेन्स स्वतःला दिसत नाही, एवढे सांभाळावे. अर्थात लपवलेच पाहिजे असे मी मानत नाही. छायाचित्रकार इल्से बिंग यांच्या १९३१ च्या आत्मचित्रात समोरच्या आरशात त्या आपल्या लायका कॅमेऱ्यासह दिसतात आणि बाजूच्या आरशात त्यांचा चेहरा कडेने दिसतो. त्यातला कॅमेरा काढून टाकला तर छायाचित्रात उरेल काय? एक सूचना मात्र ‘काजळी’ यांच्या उपायावर: ५६ अंश म्हणजे आरसा फारच तिरपा होतो. त्या कोनातून हवा तो चेहरा उरेल का, हे आधी पाहून घ्यावे.

कवडसा:
सर्वांचे आभार. काल पुन्हा बसलो. हाताने फोकस लावताच डाव्या डोळ्याच्या पापण्या सुट्या सुट्या दिसू लागल्या, आणि लेन्सच्या कडेला चिकटवलेला लाल कागदाचा तुकडा आरशात शोधायला सांगितल्यावर नजरही जागेवर आली. पोलरायझरने जुळी ज्योत खरोखरच गेली, पण ‘उलटी बाजू’ म्हणाले तेच झाले: तितक्या तिरप्या कोनातून अर्धा गाल चौकटीआड जात होता. शेवटी फिल्टर काढला, कॅमेरा मूळ जागी आणला आणि मेणबत्तीच हातभर मागे, तिच्या खांद्याआड सरकवली. आता ज्योत दिसत नाही. आरशातल्या गालावर तिचा पिवळसर उजेड तेवढा आहे.