म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बुटकी बाज करायची आहे, विणकाम आणि लाकडाबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,

आमचा वाघ्या अकरा वर्षांचा झाला. कारवानी जातीचा कुत्रा आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून वडिलांनी पिशवीत घालून आणला होता, तेव्हा ओंजळीत मावत होता. आता २६ किलोचा आहे आणि मागचे पाय धरलेत. सकाळी शहाबादी फरशीवरून उठताना पुढचे पाय रोवतो, मागचा भाग दोन-तीनदा हिसका देऊन वर घेतो आणि मधेच थांबून माझ्याकडं बघतो. मला ते बघवत नाही. कोपरांवरचे केस जाऊन घट्टे पडलेत, हात लावला तर चपलेच्या तळासारखे लागतात. डॉक्टरांनी सांगितलंय की कडक जमिनीवर झोपू देऊ नका, कोपरात पाणी साठू शकतं.

नुसती गादी टाकून बघितली. मी अहमदपूरला राहते, मे महिन्यात इथं पारा ४० च्या वर असतो. गादीवर तो पाच मिनिटं टिकत नाही, उठून मोरीत जाऊन बसतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. अंगाखालून वारा खेळला पाहिजे, म्हणून बाजच करायचं ठरवलं.

आजोबांचं माळवद उतरवलं तेव्हाच्या सागवानी फळ्या पडून होत्या. गावातल्या सुतारमामांकडून त्याचे चार गाते, म्हणजे चौकटीच्या चार बाजू, करून घेतले, पायांना बाभूळ वापरली. वाघ्या आडवा पसरून झोपला असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजलं, वर वीतभर जागा धरली. लांबी ४२ इंच, रुंदी २८ आली. उंची १० इंच ठेवली, तिथं पहिली चूक झाली असं आता वाटतं.

दुसरी चूक सुंभाची. आईनं लहानपणी बघितलेलं आठवून आठवून सांगितलं आणि आम्ही दोघींनी दोन दिवसांत विणली. दिसायला फार देखणी झाली होती. पंधरा दिवसांत मधोमध झोळ पडला, आणि एका रात्री त्याचं नख विणीच्या भोकात अडकलं. केवढ्यानं केकाटला! मी कात्रीनं सुंभ कापून पाय सोडवला. तेव्हापासून बाजेजवळ गेला तरी कान पाडतो आणि लांबून वळसा घालून जातो.

तर विचारायचं हे की भोकं राहणार नाहीत अशी वीण कुठली? बाभळीच्या पायांतून आता पिठासारखा भुसा पडायलाय, वाळवीचं औषध मारलं तर चालेल का? त्याला लाकूड चाटायची सवय आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा भ्यालेल्या कुत्र्याला त्याच बाजेवर परत कसं आणायचं?

प्रतिसाद १

ताई, वाळवीचं औषध अजिबात नको. ते पोटात जाण्याची भीती आहे. भुसा पडायलाय म्हणजे भुंगा आत आहे, ते पाय काढूनच टाका. सागाच्या गात्यांना काही होणार नाही, पण पाय सारवलेल्या जमिनीवर किंवा ओलीवर ठेवू नका.

एमआयडीसीत मालाखालची लाकडी पॅलेट स्वस्तात मिळतात, त्यांचे पाय छान होतात. फक्त शिक्का बघून घ्या. गव्हाच्या ओंबीच्या खुणेशेजारी ‘एचटी’ असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तरी सोडून द्या.

पॉलिशऐवजी घाण्याचं जवसाचं तेल लावा. हार्डवेअरच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात लवकर वाळायला धातूंचे क्षार घालतात, ते चाटणाऱ्या कुत्र्याला नको. घाण्याचं तेल वाळायला बरेच दिवस लागतात, धीर धरा. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते. पसरून उन्हात वाळवा, मगच फेका.

प्रतिसाद २

सुंभ सोडा आणि रुंद प्लॅस्टिकची नवार, म्हणजे विणायची पट्टी, घ्या. आधी सगळे उभे पट्टे ताणून घ्या, मग आडवे एक वर एक खाली असे घाला आणि प्रत्येक पट्टा शेजारच्याला चिकटवून सरकवा. नख जायला जागाच राहत नाही, आणि म्हाताऱ्या कुत्र्याकडून कधी लघवी झाली तर बाज नुसती पाण्यानं धुता येते. झोळ हा पडणारच. मोठ्या बाजेला पायथ्याकडं ताणायची दोरी असते ना, तशी एका बाजूला ठेवा आणि महिन्यातून एकदा ओढा. दोरी बाहेरून गुंडाळा, म्हणजे त्याच्या पायात येणार नाही.

उंची चार-पाच इंच पुरे. वाऱ्याला तेवढी जागा बास झाली, आणि मागचे पाय दुखणाऱ्याला उडी मारावी लागत नाही. खाली रबरी बुचं बसवा. चढताना बाज फरशीवर सरकली की तो परत भिणार.

आमच्या कुत्रीला सवय लावताना आम्ही आधी नुसती चौकट जमिनीवर टाकली होती, पाय न लावता. तिच्यावर तिची नेहमीची वाकळ. चार-सहा दिवसांनी पाय लावले. तिला उचलून एकदाही वर ठेवलं नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उंचीचं तर कुणी सांगितलंच नव्हतं मला.

पाय काढले. नांदेडहून नवार आणली, तीन इंची, विटकरी आणि पांढरी. दोन रंगांची चौकट वीण इतकी सुरेख दिसायली की शेजारच्या काकू विचारून गेल्या. वर टाकायला आईनं तिच्या जुन्या इरकलीची पातळ गोधडी शिवली, काठ चारी बाजूंनी बाहेर दिसेल अशी. टोकांना बंद आहेत, धुवायला सोडता येते. कापूस घातलाच नाही, थंडीत बघू.

चौकट सध्या पायांशिवाय ओसरीत टाकली आहे, जिथं तो दुपारी बसतो तिथंच. पहिले दोन दिवस वळसा घालून गेला. काल मी गोधडीवर बसून शेंगा फोडत होते, तर येऊन हुंगलं आणि हनुवटी टेकवली. आज दुपारी पुढचे दोन्ही पाय वर होते, मागचे फरशीवर. तसाच झोपला, मी हलले नाही.

एक राहिलं. पॅलेटचं लाकूड मऊ आहे, पायाला भोक पाडून गात्याचं टोक ठोकलं तर चिरतंय. नटबोल्ट घातले तर चालतील का, आणि त्यांची डोकी आत कशी बुडवायची? चार इंचाच्या पायात भोक कितपत खोल घ्यावं तेही सांगा.