हिरडी दात सोडून वर चाललीय, ग्राफ्ट करावं का?

कवडसा:
वरच्या डावीकडच्या सुळ्याची हिरडी दोन-तीन वर्षांत जवळजवळ ३ मिमी वर सरकलीय, दात लांब दिसतो आणि गार पाणी लागलं की अशी सणक जाते की डोळ्यात पाणी येतं. हिरड्यांच्या डॉक्टरांनी टाळूतून तुकडा घेऊन ग्राफ्ट करायला, म्हणजे तो तुकडा हिरडी सरकलेल्या जागी शिवून बसवायला सांगितलंय. मला त्या टाळूचीच धास्ती आहे. दुसरा मार्ग आहे का? आणि हिरडी खरंच पहिल्यासारखी होते का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

पाणकळा:
माझं खालच्या पुढच्या दातांचं झालंय. माझं फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट होतं, म्हणजे टाळूच्या वरच्या कातडीसकट पातळ तुकडा काढतात, तिथे उघडी जखम राहते. भुलेमुळे करताना काहीच कळलं नाही, पण नंतरचा आठवडा गिळताना त्रास झाला, टाळू भरायला तीनेक आठवडे गेले. ग्राफ्टचा रंग फिकट आहे, ठिगळ लावल्यासारखा, खाली दिसत नाही म्हणून ठीक. तुम्हाला सुळ्यासाठी बहुतेक कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट सांगितलं असेल, त्यात टाळूला चीर देऊन फक्त आतला थर घेतात आणि वरची कातडी परत शिवून टाकतात, त्यामुळे दुखणं कमी आणि रंगही जुळतो. नक्की कोणतं ते विचारून घ्या, दोन्हीत खूप फरक आहे.

दंतवेडी:
मी डेंटिस्ट आहे, पण तपासल्याशिवाय तुमच्या दाताबद्दल सांगणं बरोबर नाही, म्हणून सर्वसाधारण लिहिते. उघडं पडलेलं मूळ किती झाकलं जाईल हे मुख्यतः दोन दातांच्या मधल्या हाडावर ठरतं. ते हाड आणि मधली हिरडी शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली शक्यता असते, पायरियाने हाड झिजलं असेल तर थोडंच झाकलं जातं. पायरिया असेल तर आधी कीटण काढून तो आटोक्यात आणायचा, त्याआधी ग्राफ्टचा विषयच नको.

टाळू टाळायची असेल तर हिरडी जाड असल्यास नुसती मोकळी करून दाताकडे ओढून शिवता येते, बाजूच्या दाताची हिरडी सरकवूनही आणता येते, किंवा दान केलेल्या त्वचेपासून बनवलेलं प्रक्रिया केलेलं मटेरियल वापरतात. पण पातळ हिरडीला स्वतःच्या टाळूतला ग्राफ्टच सगळ्यात भरवशाचा, हे मी माझ्या घरच्यांनाही सांगेन. आणि काही सरकलेल्या हिरड्यांना सर्जरी लागतच नाही. हिरडी वाढत्या वेगाने सरकत नसेल, दिसण्याचा त्रास नसेल तर सणकेवर आधी डिसेन्सिटायझिंग (सणक कमी करणारी) टूथपेस्ट किंवा फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) वापरून बघतात.

कवडसा:
खूप आभार. मी ब्रश जोरात घासते हे डॉक्टरांनीही सांगितलंय, त्यामुळेच झालं असेल का?

दंतवेडी:
हो, असू शकतं, सुळा दातांच्या कमानीत थोडा बाहेर आलेला असतो आणि ब्रशचा जोर तिथेच बसतो. ही सवय आधी सोडा, नाहीतर ग्राफ्टही परत सरकेल. मऊ ब्रश घ्या, तीन बोटांत हलका धरा. सिगारेट असेल तर तीही बंद, रक्तपुरवठा कमी होऊन ग्राफ्ट धरत नाही.

पाणकळा:
आणि टाके निघेपर्यंत ओठ उचलून आरशात बघायचं नाही! माझा एक टाका त्यानेच ओढला गेला होता, रक्त आलं, परत जावं लागलं. साधारण दोन आठवडे तिथे ब्रश नाही, क्लोरहेक्सिडीनच्या (जंतुनाशक माउथवॉशच्या) चुळा आणि मऊ जेवण दुसऱ्या बाजूने. टाळूची जखम झाकायला प्लास्टिकची प्लेट बनवून मिळते का तेही विचारा, मला ती मिळाली नव्हती आणि मिळायला हवी होती असं अजून वाटतं.