क्लबहाउसमधला कीबोर्ड वर्ग – दोन-तीन वर्षं शिकलेल्या मुलांसाठी

बी-४०२: नमस्कार मंडळी. मे महिन्यात क्लबहाउसमध्ये कीबोर्डचा वर्ग घेतेय. १० दिवस, सकाळी ९ ते १०.३०. यंदा नवशिक्यांना घेत नाही. गेल्या वर्षी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि चांगलं वाजवणारी एक मुलगी आठवडाभर सारेगमच ऐकत बसली. नंतर तिने वाजवणंच सोडलं. ते अजून मनाला लागून राहिलंय. म्हणून फक्त ६ मुलं.

ए-१०४: ताई, आमच्या लेकीची ट्रिनिटीची (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीत परीक्षा) ग्रेड २ झालीय. चालेल? पण सहाच का?

बी-४०२: पाठवा की! सहाच, कारण मला प्रत्येकाची बोटं बघायची असतात. मुलं अडकतात ती तिथेच. उजव्या हाताने सा रे ग वाजवला की मधल्या बोटाखालून अंगठा 'म'वर जायला हवा. तिथे कोपर बाहेर येतं. सावकाश वाजवताना खपून जातं, लय वाढली की अडखळतात. डाव्या हाताचं उलट: 'प'वर अंगठा, मग त्याच्यावरून मधलं बोट 'ध'वर.

सी-२०३: आमचा मुलगा कीबोर्डमधली स्टाइल (तयार साथ) लावून वाजवतो, ऐकायला छान वाटतं. डावा हात कॉर्ड धरतो तेवढंच.

बी-४०२: ढोलक, बेस सगळं यंत्रच वाजवतं हो. स्टाइल बंद करून बघा, लय लगेच सुटेल. पहिले ४ दिवस नुसता मेट्रोनोम (टकटक करून लय देणारा), तोही ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके.

डी-५०१ (आजोबा): माझी पेटी आहे घरी. नातवाला काळी एक (म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर सा) म्हटलं की ट्रान्सपोजचं, म्हणजे सूर वर-खाली करायचं, बटण दाबतो आणि पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजवतो. हे बरोबर का?

बी-४०२: काका, नेमकं बोललात. बटणाने आवाज चढतो, हात शिकत नाही. काळी एकमध्ये भूप राग वाजवला तर सा रे प ध काळ्या पट्ट्यांवर आणि एकटा ग पांढरीवर. त्याला काळी तीनचा सा धरून पाचही काळ्या ओळीने वाजवायला सांगा. अख्खा भूप हाताखाली येतो! मुलांचे डोळे असे चमकतात तेव्हा. एक दिवस तुम्ही पेटी घेऊन याल का?

डी-५०१ (आजोबा): येतो. भाता जरा दुरुस्त करून घेतो.

सी-६०२: माझी नाइट शिफ्ट असते, ११ पर्यंत झोपतो. क्लबहाउस बरोबर खाली आहे.

बी-४०२: पहिला एक तास हेडफोन लावूनच. शेवटचा अर्धा तास सगळे मिळून वाजवतील, तो डी विंगच्या गच्चीवरच्या खोलीत घेऊ. सेक्रेटरींकडे किल्ली मागते.

सी-६०२: मग काहीच अडचण नाही. थँक्यू.

ए-१०४: आमचा कीबोर्ड छोट्या पट्ट्यांचा आहे.

बी-४०२: त्यावर बोटांमधलं अंतर चुकीचं बसतं. ६१ पट्ट्यांचा, नेहमीच्या मापाचा हवा. विकत घेऊ नका, माझ्याकडे एक जास्तीचा आहे. अ‍ॅडॅप्टर मात्र तपासावा लागेल.