लेकीच्या बाळंतपणासाठी श्टुटगार्टला जायचे आहे: तयारी कोणत्या क्रमाने करावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी थोरली मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्ट येथे राहतात. मुलीचे हे पहिलेच बाळंतपण असून तिला नोव्हेंबरच्या मध्याची तारीख मिळाली आहे. मी आणि माझे यजमान साताऱ्याहून तिच्याकडे जाणार आहोत. यजमान बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन सुरू आहे. आम्हा दोघांपैकी कोणीही आजवर परदेशी गेलेले नाही. पासपोर्ट मात्र दोघांचेही नुकतेच काढून झाले आहेत.

येथील एका प्रवास कंपनीने आम्हाला असे सांगितले की, दिवाळीच्या सुमारास भाडे वाढते म्हणून तिकीट आत्ताच काढून ठेवावे आणि व्हिसाचे नंतर पाहावे. जावयाचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. शिवाय आमच्या विहीणबाईंनाही त्याच सुमारास जायचे आहे. तेव्हा सर्वांनी एकाच वेळी जावे की कसे, व्हिसासाठी कोणती कागदपत्रे लागतात, विमा कसा निवडावा आणि बाळंतिणीसाठी घरून काय नेता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेकारतीर

काकू, सर्वप्रथम अभिनंदन. मी श्टुटगार्टजवळच राहते आणि माझ्या आईवडिलांना व सासूसासऱ्यांना येथे बोलावण्याचा सगळा खटाटोप मीच केलेला असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आपले जावई म्हणतात तेच योग्य आहे. व्हिसाच्या अर्जाबरोबर विमानाचे आरक्षण दाखवावे लागते, पण त्यासाठी पूर्ण पैसे भरून परत न मिळणारे तिकीट काढण्याची आवश्यकता नसते. भाडे चार पैशांनी वाढले तरी चालेल, पण व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटात पैसे अडकवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी सुरुवात साताऱ्यात नव्हे तर श्टुटगार्टमध्ये होते. मुलीने किंवा जावयाने येथील परदेशी नागरिक विभागात जाऊन ‘फेरप्फ्लिश्टुंग्जएअरक्लेरुंग’ नावाचे हमीपत्र करून घ्यावे. पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचा, आजारपणाचा आणि वेळ पडल्यास परत पाठवण्याचा खर्च त्यांना बोलावणारी व्यक्ती उचलेल, अशी ती कायदेशीर हमी असते. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि घराचा भाडेकरार दाखवावा लागतो, प्रत्येक हमीपत्राला २९ युरो शुल्क पडते आणि मूळ प्रत कुरियरने भारतात पाठवावी लागते, कारण छायाप्रत चालत नाही. शुल्क किंवा कागद यांपेक्षा त्या कार्यालयाची वेळ मिळणे हेच अवघड असते. मोठ्या शहरांत त्यासाठी काही आठवडे थांबावे लागते, म्हणून जावयाने ती वेळ याच आठवड्यात मागून ठेवावी. हमीपत्र सहा महिन्यांच्या आत अर्जासोबत सादर करायचे असते आणि व्हिसाचा अर्जही प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, त्यामुळे आत्ता घाई केली तरी काही वाया जाणार नाही.

आता दिवसांचा हिशेब. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसावर) कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि त्यात उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. म्हणजे १ नोव्हेंबरला उतरल्यास २९ जानेवारीला निघावेच लागते. बाळ आपल्या सोयीने थोडेच येते! म्हणून अर्जात प्रवासाची तारीख लिहिताना थोडी अलीकडची, उदाहरणार्थ ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातील लिहावी, कारण व्हिसावर जी सुरुवातीची तारीख छापली जाते तिच्याआधी एक दिवसही प्रवेश मिळत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘मुक्कामाचे दिवस’ अशा तीन वेगवेगळ्या नोंदी असतात. ‘पर्यंत’ची तारीख साधारणपणे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा १५ दिवस पुढची देतात, पण म्हणून मुक्काम १५ दिवसांनी वाढत नाही, फक्त निघण्याच्या तारखेत तेवढी मोकळीक मिळते. येथे अनेकांची गल्लत होते आणि ती फार महागात पडते.

विहीणबाईंबद्दल थोडे धीटपणे लिहिते, राग मानू नये. दोन्ही घरच्यांनी एकाच वेळी येऊ नये. येथील घरे दोन-तीन खोल्यांची असतात आणि स्नानगृह बहुधा एकच असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, येथे प्रसूतीनंतर आठ आठवडे आईला सक्तीची पगारी रजा असते आणि बापही बालसंगोपनाची रजा घेऊ शकतो, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत घरात माणसे असतात. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. आपण ऑक्टोबरअखेर यावे आणि विहीणबाईंनी जानेवारीच्या मध्यावर येऊन एप्रिलपर्यंत राहावे, म्हणजे मुलीला जवळजवळ सहा महिने सोबत मिळेल आणि दोघींचा आठदहा दिवसांचा मुक्काम एकत्रही होईल.

निवृत्त_पण_निवांत_नाही

वरील प्रतिसादात महत्त्वाचे बहुतेक मुद्दे आलेच आहेत. मी माझ्या मुलाकडे म्युनिकला जाऊन आलो आहे, त्यामुळे निवृत्तिवेतनधारक आणि मधुमेही या दोन नात्यांनी काही भर घालतो.

व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून सेवाकेंद्राचे शुल्क वेगळे असते. अर्ज पुण्यातील व्हीएफएस (वकिलातीसाठी अर्ज स्वीकारणारी कंपनी) केंद्रावर देता येतो, बोटांचे ठसे तेथेच घेतात आणि ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, परंतु नियमानुसार तो काळ ४५ दिवसांपर्यंत वाढू शकतो. म्हणून अर्ज ऑगस्टमध्ये द्यावा. बँकेच्या खात्यात ऐनवेळी कोणाकडून तरी मोठी रक्कम आणून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच ऐकू नये. दरमहा जमा होणारे निवृत्तिवेतन, स्वतःचे घर, सातबारा असल्यास तो आणि आयकर विवरणपत्रे यांतून आपण परत येणार आहात हे अधिक ठामपणे दिसते. अर्ज नाकारला गेल्यास पूर्वी वकिलातीकडे विनाशुल्क फेरविचार मागता येत असे, पण ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता एकतर नव्याने अर्ज करावा लागतो किंवा बर्लिनच्या न्यायालयात जावे लागते. त्यामुळे पहिलाच अर्ज चोख असावा.

विम्याच्या बाबतीत किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असावे आणि ते संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू असावे, अशी अट आहे. मात्र ती व्हिसा मिळण्यापुरती झाली. रुग्णालयात काही दिवस काढावे लागले तर ही रक्कम पुरेलच असे नाही, म्हणून मी तिच्या दुप्पट-तिप्पट रकमेचा विमा घेण्यास सुचवेन. पॉलिसीतील ‘आधीपासून असलेले आजार’ हे कलम वाचल्याशिवाय सही करू नये. बहुतेक पॉलिसींमध्ये मधुमेहाचे नेहमीचे उपचार वगळलेले असतात आणि केवळ जिवावर बेतल्यास मदत मिळते. साहेबांचा मधुमेह अर्जात लपवू नये, अन्यथा दावा फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक असते.

औषधे स्वतःच्या वापरापुरती, म्हणजे जास्तीत जास्त तीन महिन्यांची, जर्मनीत नेता येतात. इन्सुलिन सामानाच्या पेटीत टाकू नये, कारण विमानाच्या पोटात ते गोठण्याची भीती असते. ते, सुया आणि ग्लुकोमीटर हातातील पिशवीत ठेवून डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र सोबत बाळगावे. त्या पत्रात औषधाच्या कंपनीचे नाव नव्हे तर मूळ द्रव्याचे नाव लिहून घ्यावे, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला ते समजते. तेथे चिठ्ठीवाचून साधे प्रतिजैविकही मिळत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि तेवढी तातडी नसलेल्या दुखण्यासाठी रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असल्यास ११६११७ हे क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट निवृत्त मंडळी हमखास विसरतात: हयातीचा दाखला. तो नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि नेमके तेव्हाच आपण श्टुटगार्टमध्ये असाल. मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ सादर करण्याची सोय आता आहे, पण साहेबांनी निघण्यापूर्वी आपल्या शाखेत जाऊन पद्धत विचारून घ्यावी. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांकही परदेशात चालू राहील अशी तजवीज करावी, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जावयाने कालच कार्यालयाची वेळ मागितली आहे. विहीणबाईंशीही बोलणे झाले आणि त्यांना जानेवारीचा बेत पसंत पडला. आता माझ्या खात्याचे प्रश्न विचारते. डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, घरचे कढवलेले तूप, खाऱ्या शेंगा, बाळासाठी वेखंड-जायफळाची घुटी आणि धुरीसाठी ओवा-वावडिंग हे सर्व नेता येईल का? शिवाय मुलीच्या आणि माझ्या कागदपत्रांत माझे नाव वेगवेगळे आहे. तिच्या जन्मदाखल्यात माहेरचे नाव लागले आहे आणि माझ्या पासपोर्टवर सासरचे. त्याने अडचण येईल का?

नेकारतीर

काकू, तूप नेऊ नये. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे आणि त्यात तूप, पेढे, खवा, पनीर सगळेच आले. तुपातल्या लाडवांवरून सीमाशुल्क अधिकाऱ्याशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा लाडू येथे येऊनच वळावेत. येथे बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी कोणत्याही दुकानात मिळते आणि तिचे इतके रवाळ तूप कढते की माझ्या आईने साताऱ्याच्या तुपाची आठवण काढणे सोडून दिले. डिंक, खारीक आणि गोडंबी शहरातील भारतीय दुकानांत मिळतात. आळीव तर येथले लोक रोजच खातात, फक्त कोवळे कोंब काढून पावावर भुरभुरतात. ‘क्रेसे’ या नावाने त्याचे बी सेंद्रिय मालाच्या दुकानात मिळते. मात्र मोड आणून खाण्यासाठीचे पाकीट घ्यावे, बागेत पेरायच्या बियांचे घेऊ नये. ताजा कढीपत्ता आणि फळे आणू नयेत. चकली, चिवडा, शेंगा, भाजणी आणि गोडा मसाला यांना माझ्या माहितीतल्या कोणालाही कधी अडचण आलेली नाही. पुड्या घट्ट बांधून त्यावर इंग्रजीत नाव लिहावे.

घुटी आणि धुरी यांविषयी मुलीशी आधीच बोलून घेतलेले बरे. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, पहिले दहा दिवस तर गरजेनुसार रोजही येते आणि तिचा खर्च सरकारी आरोग्य विमा भरतो. ती बाळाचे वजन करते, नाळ पाहते, अंगावर पाजण्याची अडचण सोडवते आणि फार मायेने बोलते. पण बाळाला मध चाटवलेला तिला अजिबात खपत नाही, कारण वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा, धोका असतो. धुरीचे म्हणाल तर येथे झोपण्याच्या प्रत्येक खोलीत छताला धूरसूचक यंत्र बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. ओव्याची मूठ निखाऱ्यावर पडताक्षणीच ते सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे किंचाळते आणि शेजारी धावून येतात ते कौतुकाने नव्हे! तेलमालिश मात्र खुशाल करावी. माझ्या सुईणीने ती माझ्या आईकडून आवर्जून शिकून घेतली होती.

निवृत्त_पण_निवांत_नाही

नावाच्या प्रश्नाविषयी: मुलीच्या पासपोर्टवर आईवडिलांची नावे छापलेली असतात. तेथे आपले सासरचे नाव असेल तर त्या पानाची प्रत हाच नात्याचा सर्वांत सोपा पुरावा ठरतो. तरीही विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे, कारण माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे त्यातून सिद्ध होते. जुन्या लग्नांची नोंदणी बहुधा झालेली नसते. तसे असल्यास ती नगरपालिकेत आत्ताही करता येते, पण त्यात वेळ जातो म्हणून लगेच चौकशी करावी. प्रमाणपत्र मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

सीमेवरील तपासणीतही अलीकडे बदल झाला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून शिक्क्याऐवजी चेहऱ्याची आणि बोटांची नोंद घेतली जाते. त्यामुळे ९० दिवसांचा हिशेब आता यंत्रच ठेवते. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे आणि त्या विमानतळाच्या स्थानकावरूनच श्टुटगार्टची वेगवान रेल्वे साधारण सव्वा तासात पोहोचवते, परंतु पहिल्याच प्रवासात रांगेला किती वेळ लागेल हे सांगता येत नसल्याने ठरावीक गाडीचे स्वस्त तिकीट काढून ठेवू नये, किंवा जावयालाच विमानतळावर यायला सांगावे. फार चालणे होत नसेल तर विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी व्हीलचेअर मागून ठेवावी. ती विनामूल्य असते आणि मदतनीस तपासणीच्या खिडकीपर्यंत सोबत येतो, त्यामुळे भाषेची अडचणही बरीच कमी होते.